बाहेरून कुलूप

सकाळी घरात नुसती पळापळ. मुलाचा एक मोजा सापडत नव्हता, सूनबाई उभ्या उभ्या चहा पीत होती, आणि नातीची शाळेची बस खाली भोंगा वाजवत होती. कुणाच्या पायात येऊ नये म्हणून काजवाल्या काकू खिडकीजवळच्या खुर्चीत अंग चोरून बसल्या होत्या. काकूंनी उभा जन्म कपड्यांच्या कारखान्यात शर्टांना काजं करण्यात घालवला, म्हणून अख्खी इमारत त्यांना याच नावाने ओळखायची. आता डोळे साथ देत नव्हते, आणि घरात कुणाच्या शर्टाचं बटण तुटलं तर सूनबाई नवा शर्टच आणायची.

“आई, जेवण झाकून ठेवलंय. गॅस मागून बंद केलाय, पेटवायला जाऊ नकोस,” मुलगा म्हणाला.

“नाही रे बाबा.”

“आणि काही लागलं तर फोन कर.”

“तू उचलतोस का?”

“मीटिंग असते गं,” म्हणत तो ओशाळून हसला.

बाहेर जाऊन त्याने लोखंडी जाळीचं दार ओढून घेतलं, कुलूप घातलं आणि हिसका देऊन ते नीट लागलंय ना याची खात्री केली. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कुणीतरी पार्सलवाला होता. “दिवसा घरी कोणी नसतं हो, संध्याकाळी या,” असं सांगत तो जिना उतरून गेला. काकू आत, जाळीपाशीच उभ्या होत्या. हे वाक्य त्यांनी पूर्वीही ऐकलं होतं, पण अजून त्याची सवय झाली नव्हती.

मुलगा वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकायला हवं. गेल्या वर्षी काकू भाजी आणायला गेल्या आणि येताना रस्ता चुकल्या. संध्याकाळी कुणा परक्या माणसाने त्यांना स्कूटरवरून घरी आणून सोडलं. त्याआधी एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला होता आणि घरभर वास पसरला होता. मुलाने धसका घेतला. तळमजल्यावरच्या एका घरात म्हाताऱ्या वडिलांना कुलूप लावून जायचे, ते पाहून त्यानेही कुलूप आणलं. त्याचं पाहून आणखी कुणी आणलं. अशी त्या इमारतीत रीतच पडली, की घरात म्हातारं माणूस असेल तर कामाला जाताना बाहेरून कुलूप. याला कुणी कोंडणं म्हणत नसे. सगळे त्याला काळजी म्हणत. आणि कुणी कुणाला नावं ठेवायचा प्रश्नच नव्हता, कारण ज्याच्या त्याच्या खिशात किल्ली होती.

घर रिकामं झालं की काकू लाकडी दार सताड उघडत आणि जाळीच्या दाराशी खुर्ची ओढून बसत. समोरच्या घरातही तसंच एक जाळीचं दार, त्यालाही कुलूप, आणि त्यामागे ड्रायव्हरकाका. आयुष्यभर ट्रक चालवलेला माणूस. आता गुडघे धरलेले, बायको गेलेली, आणि मुलगा-सून दोघं नोकरीला.

“काय काकू, लागला का डबा स्टेशनला?” ते विचारत.

“लागला. तुमचा कधी सुटतोय?”

“आमचा इथेच सडणार. सिग्नलच मिळत नाही.”

दोन दारांमधल्या चार पावलांच्या जागेत कुणी सहसा थांबत नसे. त्या जागेवरून दोघं दिवसभर बोलत. काका घाटातल्या वळणांच्या गोष्टी सांगत, ढाब्यांवरच्या भांडणांच्या सांगत. काकू कारखान्यातल्या मुकादमाच्या नकला करत. बोलणं संपलं की नुसतेच बसत. दुपारी उन्हाचा एक पट्टा जिन्यावरून सरकत जायचा, तो बघण्यातही दोघांचा बराच वेळ जाई. कधी काका झोप लागून घोरायला लागले की काकूंना एकदम एकटं पडल्यासारखं वाटे. मग त्या उगाच खोकत. काका जागे होत आणि काही कळलं नाही असं दाखवत.

एका रविवारी इमारतीत आपत्तीचा सराव झाला. अग्निशमन दलाचा एक जवान आला, कर्ण्यावरून सगळं समजावून सांगू लागला. आग लागली तर लिफ्ट घेऊ नका. जिना मोकळा असेल तर लगेच खाली या. जिन्यात धूर भरला असेल तर मात्र बाहेर पडू नका, दार लावा, फटीत ओलं कापड कोंबा आणि खिडकीतून दिसेल असं काहीतरी हलवा. जिन्याखाली बॅटरीच्या स्कूटर चार्जिंगला लावलेल्या होत्या. त्या आधी तिथून हलवा, असं त्याने बजावलं. कमिटीने माना डोलावल्या.

सेक्रेटरी प्रत्येक मजल्यावर जाऊन लोकांना खाली पाठवत होते. काकू चपला घालून तयारच होत्या.

“अहो काकू, तुम्ही कशाला गुडघ्यांना त्रास देता?” सेक्रेटरी म्हणाले. “माझ्या आईलाही वरच ठेवलंय. तुम्ही सगळे ज्येष्ठ खाली आलात असं आपण धरून चालू.”

“आणि खरी आग लागली तर?” समोरून ड्रायव्हरकाकांनी विचारलं.

“तेव्हा मुलं असतील ना उचलून न्यायला!”

शिट्टी वाजली. सगळे हसत-खिदळत खाली गेले. जवानाने वेळ चांगली आल्याचं सांगितलं, टाळ्या पडल्या. सुट्टीचा दिवस असल्यामुळे एकाही दाराला कुलूप नव्हतं, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. काकूंनी खिडकीतून सगळं पाहिलं आणि जवानाचा शब्दन् शब्द ऐकून ठेवला. काका नुसतेच म्हणाले, “चला काकू, आपण तर वाचलो.”

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. कामाचा दिवस होता, दुपार व्हायची होती. काकांची एका वळणाची गोष्ट रंगात आली होती. तेवढ्यात खालून काहीतरी फुटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ बाईचं ओरडणं. “आग! स्कूटर पेटली! बाहेर पडा!”

जिना तेव्हा मोकळा होता. जळक्या रबराचा वास येत होता, इतकंच. वरच्या मजल्यावरची बाळंतीण तान्ह्याला छातीशी धरून धावत उतरली आणि दोघांच्या मध्ये थबकली. “काकू, चला, चला ना!” तिने जाळीचं दार ओढलं, आणि मग तिला कुलूप दिसलं. तिने समोरचं दार ओढलं. तिथेही कुलूप. ती एकदा इकडे बघे, एकदा तिकडे. बाळ रडायला लागलं.

“जा तू,” काकू म्हणाल्या. “पोराला घेऊन जा आधी. खाली सांग आम्ही आहोत म्हणून.”

ती रडत रडत खाली गेली. काकूंनी मुलाला फोन लावला. तो वाजत राहिला. धूर आधी पायरी पायरीने आला, मग एकदम भसकन वर आला. डोळ्यांची आग व्हायला लागली.

“काका, दार लावा!” काकू ओरडल्या. “तो जवान सांगत होता ना, दार लावा आणि खिडकीत जा!”

“दार लावलं तर आपण आहोत हे कळणार कुणाला?” काका खोकत म्हणाले. दोन्ही हातांनी ते जाळी गदागदा हलवत होते. “तुम्ही लावा. मी तोडतो हे. असली कुलपं लई बघितलीत.”

“काका, ऐका माझं!”

“लावा म्हणतो ना!”

काकूंनी लाकडी दार लावलं. चादर भिजवून त्यांनी फटीत कोंबली, दुसरी चादर घेऊन खिडकीचे गज गाठले आणि हात दुखेपर्यंत ती बाहेर हलवत राहिल्या. पाठीमागे, दोन दारांपलीकडे, लोखंड वाजत होतं. वाजत होतं तोवर त्यांना धीर होता. मग ते थांबलं.

खाली बंब आला होता. वॉचमन जवानांना सांगत होता, “दिवसा घरी कोणी नसतं साहेब, सगळे कामाला जातात.” बिचारा तेच सांगत होता जे रोज ऐकत आला होता. बाळंतीण गर्दीतून वाट काढत पुढे आली, वर बोट दाखवलं, तेव्हा कुठे कुणाला ती पांढरी चादर दिसली. मग जवान धावले. पण तेवढ्यात जो वेळ गेला तो गेला.

कुलूप तोडून काकूंना बाहेर काढलं, तेव्हा त्या एकच शब्द बोलत होत्या, “समोर, समोर.” समोरचंही कुलूप जवानांनी तोडलं. ड्रायव्हरकाका जाळीच्या दाराशीच बसलेले होते, बोटं जाळीत अडकलेली. रुग्णवाहिका त्यांना घेऊन गेली, पण उपयोग झाला नाही. बाकीच्या मजल्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांना खाली आणलं, ती वाचली.

काकूंचा मुलगा ऑफिसमधून जिवाच्या आकांताने धावत आला. हातात किल्ली तशीच होती. आईला खालच्या बाकावर बसलेली बघून तो मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. काकूंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

नंतर लोक भेटायला जमले. वय झालंच होतं, कुणी म्हणालं. धुरापुढे कुणाचं चालतं, कुणी म्हणालं. ड्रायव्हरकाकांची सून भिंतीला टेकून एकच सांगत होती, “आम्ही त्यांच्याच काळजीपोटी लावत होतो हो.” तिला खोटं कोण ठरवणार? सगळ्यांनी खाली माना घातल्या. त्या माना दुःखाने खाली गेल्या होत्या की आणखी कशाने, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. सेक्रेटरींनी ठराव मांडला, की प्रत्येक घराची एक जादा किल्ली वॉचमनकडे ठेवावी. तो लगेच मंजूर झाला. कुलूप नको, असं मात्र कुणीही म्हणालं नाही.

पुढच्या सोमवारी सकाळी पुन्हा तीच पळापळ. मुलाने पिशवीतून नवं कुलूप काढलं. काकू उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या.

“आई, आत हो ना. उशीर होतोय.”

“लावायचं नाही.”

“अगं, किल्ली खाली ठेवलीय आता. आणि मागच्या वेळी तू रस्ता चुकलीस, आठवतंय ना? माझा दिवसभर जीव टांगणीला लागतो.”

“चुकले होते. परत चुकेन कदाचित,” काकू म्हणाल्या. त्या उंबऱ्यातून हलल्या नाहीत. “हरवलेलं माणूस सापडतं रे. मला कुणीतरी आणून सोडलं होतं ना? समोरच्यांना कोण आणून सोडणार आता? मी त्यांच्या तोंडावर दार लावलं. तू लावलेल्या कुलपामुळे लावलं. माझं काय बरंवाईट व्हायचं ते उघड्या दारात होऊ दे.”

सूनबाईने नवऱ्याच्या हातातून कुलूप काढून घेतलं आणि पर्समध्ये टाकलं. “चला,” एवढंच ती म्हणाली. मुलगा जिना उतरताना वळून वळून बघत होता.

दार उघडं मिळालं, पण दिवस मोठा झाला. समोर नुसतं बंद दार. काकू सवयीने तिथेच बसत, सवयीने खोकत, आणि मग आपणच दचकत. कधी दोन मजले उतरून फिरून येत. प्रत्येक मजल्यावर त्यांना जाळीमागे एखादी आकृती दिसे. कुणी हात करी, कुणी नजर चुकवी. काकूंच्या मनात यायचं, की ड्रायव्हरकाका या सगळ्यांच्या घरात आहेत, आणि आपण एकट्याच तेवढ्या बाहेर. मोकळं असण्याची त्यांना लाज वाटायला लागली.

त्यांनी सेक्रेटरींना गाठलं. “सराव परत घ्या. पण कामाच्या दिवशी.”

“कामाच्या दिवशी कोण येणार काकू?”

“तेच बघायचंय.”

सेक्रेटरींनी बघू, करू म्हणत विषय टाळला. मग काकूंनी त्यांची वाट बघणं सोडलं. एका दुपारी त्या खाली उतरल्या आणि वॉचमनला म्हणाल्या, “शिट्टी वाजव.” आगीच्या दिवसापासून वॉचमनची काकूंच्या डोळ्याला डोळा भिडवायची हिंमत नव्हती. त्याने काही न विचारता शिट्टी वाजवली, जोरात, दम संपेपर्यंत.

बाळंतीण बाळाला घेऊन खाली आली. आणखी कुणी आलं नाही. वर मजल्यामजल्यावर गजांमागे सुरकुतलेले चेहरे येऊन थांबले आणि खाली बघू लागले. काकू अंगणातल्या बाकावर बसल्या. ऊन उतरलं, गार वारा सुटला, तरी बसून राहिल्या.

संध्याकाळी माणसं कामावरून परतू लागली, तेव्हा सगळ्यांना काकूंच्या समोरूनच जावं लागलं. मुलगा आला, जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, “आई, वर चल ना. लोक बघतायत.”

“बघू देत.”

सेक्रेटरी आले. त्यांनीही समजूत घातली. थोडा आवाज चढवला. किल्ल्या आहेत, नियम केलाय, आता आणखी काय हवंय, असं विचारलं.

“तुमची आई वर आहे,” काकू म्हणाल्या. “शिट्टी वाजली तेव्हा खिडकीत आली होती. मला हात करत होती. तिला खाली आणा, मग मी उठते.”

“आत्ता? आत्ता कशाला?”

काकू नुसत्या वरच्या खिडकीकडे बघत राहिल्या. अंगणात माणसं जमत चालली होती. सेक्रेटरींनी भोवती पाहिलं, आपल्या बाजूने कुणी बोलेल म्हणून. कुणी बोललं नाही. मग ते खिशातली किल्ली चाचपत जिना चढून गेले.

बऱ्याच वेळाने त्यांची आई खाली आली. एका हाताने कठडा धरलेला, दुसरा मुलाच्या खांद्यावर. कित्येक महिन्यांनी तिला अंगण दिसत होतं. एवढी माणसं बघून ती घाबरली आणि काकूंचा हात घट्ट धरून म्हणाली, “काय हो, कुठे लागलीय आग?”

काकूंनी बाकावर सरकून तिला जागा करून दिली.

“कुठेच नाही ताई,” त्या म्हणाल्या. “म्हणून तर आत्ता बोलावलं.”