पाचवी कचोरी

पितांबर सर तासावरचे मास्तर. धुळ्याच्या मिशन कॉलेजात पहिल्या वर्षाच्या पोरांना सूक्ष्म अर्थशास्त्र शिकवायचे. तास झाला तर तासाचे पैसे, सुट्टी लागली की घरी बसायचं. जळगावहून एसटीने यायचे, मागच्या दाराने स्टाफरूममध्ये शिरायचे आणि खुर्ची रिकामी असली तरी आधी विचारायचे, "बसू का?"

दर जुलैत त्यांचा एक तास मात्र कॉलेजभर गाजायचा. त्या दिवशी ते जळगावच्या स्टँडजवळून डाळीच्या कचोऱ्या बांधून आणायचे. वर्गाने निवडलेला खादाड गडी पुढे यायचा, एकेक कचोरी खायचा आणि दर कचोरीमागे किती सुख झालं ते दहापैकी सांगायचा. पहिलीला दहा, दुसरीला आठ. पाचवीला तो हात जोडायचा. घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम मग जन्मात कुणी विसरत नसे.

त्या उन्हाळ्यात कायमची जागा निघाली. केस पिकेपर्यंत सरांनी हिचीच वाट पाहिली होती. वय पाहता पुन्हा संधी नव्हती. मुलाखतीत आपल्या आवडीचा भाग वर्गाला शिकवून दाखवायचा होता. कॉलेज सुट्टीमुळे ओस, म्हणून पोरं जमवायचं काम प्राचार्य फादरांनी सरांवरच टाकलं. गेल्या जुलैतला खाणारा नवल सरांच्या एका फोनवर शिरपूरहून आला, तेही उपाशीपोटी.

घरून निघताना सुनंदाबाईंनी नवऱ्याला बजावलं होतं की आज तरी कुणाला काही देऊन बसू नका.

व्हरांड्यात मयुरी भेटली. सरांचीच जुनी विद्यार्थिनी, त्याच जागेची उमेदवार. वाकून नमस्कार केला. तिचा नंबर आधी होता. हातपाय गार पडलेत, काय शिकवावं सुचत नाही, म्हणाली. मग सरांच्या हातातल्या कचोऱ्यांच्या पिशवीकडे पाहून हळूच म्हणाली, "सर, यातल्या थोड्या मिळतील?"

सरांना नाही म्हणता येत असतं, तर ते इतकी वर्षं तासावर कशाला राहिले असते? त्यांनी पिशवी पुढे केली. मयुरीने एक कचोरी त्यांच्यासाठी कागदावर काढून ठेवली आणि बाकीच्या नेल्या.

सर दाराबाहेर उभे राहून ऐकत होते. मयुरीने नवललाच बोलावलं. सरांनीच सांगितलं असेल, असं समजून तो पुढे गेला. पाचवीला त्याने हात जोडले. मयुरी थांबली नाही. अजून एक, माझ्यासाठी, असं लाडीगोडीने म्हणत तिने सहावी चारली, सातवी चारली. नवलला उमासा आला. पोरं बाकं बडवू लागली. आता उपयोगिता शून्याच्या खाली गेली, हे तिने फळ्यावर काढून दाखवलं, तेव्हा विद्यापीठातून आलेल्या तज्ज्ञांनी टाळ्या वाजवल्या.

मग सरांचं नाव पुकारलं. दुसरं काही त्यांनी तयार केलंच नव्हतं. त्यांनी ती एकुलती कचोरी टेबलावर ठेवली आणि नवलकडे पाहिलं. बिचारा उठला, जवळ आला, वास येताच तोंडावर हात धरून मागे सरकला.

"सर, पोटमा जागाच नही शे."

वर्ग खदखदला. तज्ज्ञांनी चष्मा काढला. "अहो, हे तर आत्ताच त्या मॅडमनी केलं. त्यांचं उदाहरण का उचललंत?"

मयुरी दारात उभी होती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत तिने मान खाली घातली. "पण हे तर आमच्या सरांचं..." नवलने सुरुवात केली, पण सरांनी हातानेच त्याला बसवलं. क्षणभर त्यांनाच शंका आली, की हे आपल्याला तरी कुठून सुचलं असणार?

"आवडलं, म्हणून घेतलं," ते म्हणाले.

जागा मयुरीला मिळाली. फादर फार मायेने बोलले. सरांचे तास राहतील, मॅडम नव्या आहेत, त्यांना सांभाळून घ्या. कचोरीचा तास तेवढा आता मॅडम घेतील.

जुलैत सरांनी जळगावहून कचोऱ्या बांधून आणल्या. तास आटोपून मयुरी स्टाफरूममध्ये आली, तेव्हा एक उरली होती.

"पुढच्या वर्षी जरा जास्त आणा हं, सर. तुकडी मोठी होतेय," ती म्हणाली आणि उरलेली त्यांच्यापुढे धरली. "घ्या ना."

गार, तेलकट कचोरी हातात घेऊन सरांनी तिच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"मॅडम, बसू का?"