ऑगस्टाबाईंची उत्तरं

वर्नाने तिसऱ्या खोक्याची दोरी कात्रीने कापली आणि आतल्या कार्बन-प्रती स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडल्या. कादंबरीकार ऑगस्टा विन्स्लो जाऊन चार महिने झाले होते. त्यांचा सगळा पत्रव्यवहार विद्यापीठाला हवा होता, आणि तो न्यायला प्राध्यापक हॅस्केल अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावरच्या त्यांच्या घरी सकाळपासून येऊन बसले होते. वर्ना लिबी ही ऑगस्टाबाईंची टंकलेखिका. एकवीस वर्षं याच घरात, माडीवरच्या मागच्या खोलीत राहिलेली.

"प्रकाशकांना लिहिलेली पत्रं रुक्षच आहेत," हॅस्केल म्हणाले. "पण शेवटच्या सहा वर्षांत वाचकांना दिलेली ही उत्तरं! मिस लिबी, म्हातारपणी माणूस इतका मऊ होतो? ओहायोतल्या या वाचक बाईची मुलगी वारलेली. तिला लिहितात, 'कपडे इतक्यात कुणाला देऊ नका. आधी त्यांतला वास जाऊ दे.' मला पुढचं वाचवेना हो."

वर्ना त्यांच्या कपात कॉफी ओतत होती. थोडी बशीत सांडली.

"यांचं पुस्तकच काढायचं म्हणतोय मी."

"ती माझी आहेत."

"हो, टाइप तुम्हीच केली असणार."

"टाइप नव्हे. लिहिली. बाईंचा हात थरथरायला लागला, मग त्यांना कंटाळाच आला. म्हणाल्या, 'तूच काय ते खरड, मी सही ठोकते.' आधी वाचून करायच्या. पुढे पुढे न वाचताच."

हॅस्केलनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग खोक्यातून एकेक फाइल काढून बाजूला ठेवू लागले. ढीग वाढत गेला.

"विद्यापीठाला फक्त त्यांचीच..."

"ठाऊक आहे मला."

"गप्प राहिला असतात तर छापून आली असती."

"राहणारच होते." वर्नाने टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा केले. "पण ते कपडे माझ्या बहिणीचे होते. ते तरी बाईंच्या नावावर नकोत."

खोकी गाडीत गेली. हॅस्केल पुन्हा दारात आले, हॅट हातात धरून.

"ती एक प्रत मिळेल? विद्यापीठासाठी नाही. मला."

वर्नाने ढिगातून ती शोधून काढली. मूळ पत्र बाईंच्या सहीनिशी केव्हाच ओहायोला गेलं होतं; प्रतीवर खाली नुसती कोरी जागा होती. तिने पेनाचं टोपण काढलं, तिथे स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, आणि शाई वाळेपर्यंत कागद हातातच धरून ठेवला.