बाटली क्रमांक चौदा

निवृत्तीला चार महिने उरले होते. बाई गोठवलेल्या पेशींच्या कुप्यांची यादी करत बसल्या होत्या, तेवढ्यात चिमणी दार न वाजवता आत आली. बाईंची ही पहिली विद्यार्थिनी. आता तिच्या स्वतःच्या प्रयोगशाळेत सात जण होते, केसही पिकायला लागले होते, पण नाव मात्र चिमणीच राहिलं होतं.

"काय गं, मांजर मागे लागलंय का?"

चिमणीने नुसता एक कागद पुढे केला. बाईंनी चष्मा चढवला.

एकवीस वर्षांपूर्वी बाईंनी दाखवलं होतं की एक विशिष्ट प्रथिन बंद केलं, तर मूत्रपिंडाच्या पेशी शेजारणीचा हात सोडून चालू लागतात. त्या एका लेखाने बाईंचं नाव झालं. शेकडो लोकांनी पुढचं काम त्यावर रचलं, चिमणीने तर अख्खी प्रयोगशाळा. हल्ली नियतकालिकं पेशींची ओळखचाचणी मागतात, म्हणून तिने त्याच जुन्या पेशी तपासायला दिल्या होत्या. कागद सांगत होता, या मूत्रपिंडाच्या नाहीत, यकृताच्या गाठीच्या आहेत.

"आणि गाठीच्या पेशी जात्याच भटक्या," चिमणी म्हणाली. "त्यांना चालायला कशाला काय बंद करावं लागतंय!"

"तुझ्याकडे मिसळल्या असतील."

"कुपी तुम्ही दिलेली, बाई. झाकण परवा पहिल्यांदा उघडलं." ती खुर्चीत बसली. "मीच घाण केली असणार. पहिल्या वर्षाला होते, पिपेट धरता येत नव्हतं मला."

"आधीच सुतक धरू नकोस. त्या लेखाच्या कामाआधी गोठवलेली एक कुपी आहे. ती उठवू. पेशी अस्सल निघाल्या आणि प्रथिन बंद केल्यावर चालल्या, तर गोष्ट खरीच आहे. लेखात दुरुस्ती छापू, झालं."

पेशी उठून वाढायला दहा दिवस लागणार होते. बाईंना स्वस्थ बसवेना. त्यांनी कपाटातून त्या वर्षीच्या वह्या काढल्या.

बाईंची एक शिस्त दूरदूरच्या प्रयोगशाळांत पोचली होती. दोन जातींच्या पेशींना गुलाबी पोषणद्रव एकच लागत असला, तरी बाटली ज्या त्या जातीची वेगळी. पिपेटच्या टोकाला चिकटून एक पेशी जरी बाटलीत गेली, तरी ती पुढच्या प्रत्येक ताटलीत पोचते, आणि भराभर वाढणारी असली तर चार दिवसांचं बिऱ्हाड घरमालक होऊन बसतं. बाईंनी यावरून कितीकांना रडवलं होतं.

वहीत एका पानावर चिमणीचं अक्षर थांबलं होतं. समासात लिहिलं होतं, 'कांजिण्या'. पुढचे दहा दिवस सह्या बाईंच्या. मूत्रपिंड, बाटली क्रमांक चौदा. त्याखालीच यकृताची गाठ, बाटली क्रमांक चौदा.

त्यांना आठवलं. दुसऱ्या दिवशी मोठं व्याख्यान होतं. दुसरी बाटली संपली होती आणि नवी तयार करायला तास गेला असता. एवढ्याने काय होतंय, असं वाटलं होतं.

"चेहरा का उतरलाय?" नवऱ्याने जेवताना विचारलं.

"एक चूक सापडली. माझीच."

"अजून कोणाला ठाऊक आहे?"

"नाही."

"म्हणजे आठवड्याभरात सगळ्यांना कळणार," तो म्हणाला. "तुझ्या पोटात आजवर काही राहिलंय का?"

दहाव्या दिवशी चिमणी आली. जुन्या कुपीतल्या पेशी चाचणीत अस्सल निघाल्या होत्या. तिने प्रथिन बंद केलं. दोन दिवसांनी दोघींनी आळीपाळीने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पेशी फरशा बसवाव्यात तशा एकमेकींना चिकटून होत्या. एकही हलली नव्हती.

"आणखी दोन दिवस बघू या?"

"बघ. इथेच बसलेल्या असतील."

चिमणीने सूक्ष्मदर्शकाचा दिवा मालवला. मग म्हणाली, "लेख मागे घ्यायचं पत्र लिहाल ना, त्यात माझं नाव घाला. विद्यार्थिनीच्या हातून झालं म्हणा. सगळ्यांना पटेल. तुमचं एवढ्या वर्षांचं..."

बाईंनी वही उघडून तिच्यापुढे सरकवली. चिमणीने पान वाचलं, पुन्हा वाचलं.

"बाई! आणि मला आयुष्यभर बाटलीवरून बोलणी खायला लावलीत!"

"बोलणी बरोबरच होती."

चिमणीला हसू फुटलं, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. "माझ्या पोरांना काय सांगू? दोघांचे प्रबंध यावरच आहेत."

"मी येते उद्या. मीच सांगेन. नवा प्रश्न काय घ्यायचा, तेही तिथेच बसून ठरवू. पत्र आज जाईल."

पण पत्राआधी बाईंनी फोन उचलला.

"कोणाला करताय?"

"सतरा वर्षांपूर्वी एका शिक्षकांचं पत्र आलं होतं. लहानसं कॉलेज. त्यांच्या पेशी काही केल्या चालत नव्हत्या. मी कळवलं, आधी पिपेट धरायला शिका."

"मग?"

"त्यांनी तो विषयच सोडला."

पलीकडून म्हातारा आवाज आला. बाईंनी आपलं पूर्ण नाव सांगितलं.

"तुमच्या पेशी बरोबर होत्या," त्या म्हणाल्या. "चूक माझी होती."

बाई फोन कानाला लावून उभ्या राहिल्या.