व्याह्यांसाठी एकच अट

आमचे हे इतिहासाचे मास्तर. युद्ध कोणी सुरू केलं, या प्रश्नाला त्यांच्या वर्गात एकच उत्तर चालायचं: शेजारच्या देशानं. कुणी "दोन्हीकडून चुका झाल्या" असं लिहिलं की त्यावर तांबडी रेघ. आमची लेकही त्याच वर्गात शिकली आणि त्या उत्तराला तिला पैकीच्या पैकी मिळाले. पुढे तिनं लग्न ठरवलं ते नेमकं त्या शेजारच्या देशातल्याच मुलाशी. भोगा आता.

ह्यांनी आकांडतांडव केलं नाही. फक्त अट घातली. मुलाच्या वडिलांनी आमच्या घरी येऊन, ह्यांच्या भावाच्या फोटोसमोर बसून कबूल करायचं की युद्ध त्यांच्या देशानं लादलं. नाहीतर हे लग्नाला येणार नाहीत. हा थोरला भाऊ, म्हणजे माझे दीर, त्या युद्धात गेले, तेव्हा हे शाळकरी होते. लग्न होऊन आले तेव्हापासून तो फोटो मीच पुसते आहे. लेकीनं रडून डोळे सुजवून घेतले. पण ह्यांच्यापुढे बोलणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं.

व्याही रविवारी दुपारी आले. ते स्वतः लिफ्ट दुरुस्त करणारे, आणि आमच्याकडे तीन मजले जिना. धापा टाकत बसले, पाणी प्यायले आणि ह्यांनी तोंड उघडायच्या आतच म्हणाले, "युद्ध आमच्या देशानं सुरू केलं. आम्हालाही शाळेत हेच शिकवलं आणि ते खरंच आहे." मला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला.

मग ते फोटोकडे वळले. "तुमचा भाऊ आमच्यामुळे गेला. मला माफ करा."

ह्यांना हवं ते सगळं पदरात पडलं होतं, तरी चेहरा उतरला. बराच वेळ चहा ढवळत राहिले. साखर घालायचीच राहिली होती.

"माझा भाऊ सीमेवरचा पूल ओलांडून तुमच्या हद्दीत गेला होता," हे म्हणाले. "युद्ध सुरू व्हायच्या आदल्या दिवशी. तुमची चौकी जाळायला पाठवलं होतं त्याला. त्याच्या सोबत्यानं आईला सांगितलं, तेव्हा मी दाराआड होतो."

इतकी वर्षं फोटो पुसला आणि हे मला आज कळत होतं. माझा संताप झाला. पाहुण्यांसमोर गिळून टाकला.

"एका चौकीसाठी कुणी शहरं बेचिराख करत नाही," व्याही म्हणाले. "आम्ही केली. आमचा दोष त्यानं कमी होत नाही."

"नाही होत. पण आमचाही शून्य होत नाही."

थोड्या वेळानं ह्यांनी विचारलं, लग्नाला यायला कुठली गाडी बरी पडेल. व्याह्यांनी सकाळची सांगितली.

लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"बाबा, हे मी पेपरात लिहिलं असतं तर?"

"नापास केलं असतं," हे म्हणाले.