काळोखात ठेवलेला शेंडा

या, अंमळ जवळ सरका. बरणीत जपलेल्या एका झाडाची आणि जिला घडीभर चैन पडत नसे अशा एका बाईची गोष्ट सांगतो.

"चुळबुळे, परत उघडलंस कपाट?" प्रयोगशाळेच्या मॅडम मान वर न करता म्हणाल्या.

"नुसती फट केली हो."

"उजेडाला फटही पुरते. लाव आधी."

तिनं दार लावलं. चुळबुळे हे काही तिचं आडनाव नव्हतं. पण इथं रुजू झाल्यापासून तेच चिकटलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. कपाटात, नवं रोप वाढवायला बरण्यांत घातलेले, अक्रोडाचे नखाएवढे शेंडे होते. वादळात बागेतला म्हातारा अक्रोड मुळासकट आडवा झाला, तेव्हा पानं सुकायच्या आत तिनं ते खुडून आणले होते. आता दुसरे मिळायचे नव्हते. झाडाचं सरपण होऊन गेलं होतं. ते झाड लावलं होतं तिच्या बाबांनी. जन्मभर त्याच बागेत माळीकाम केलं त्यांनी.

अक्रोडाची जात मोठी मानी. कापलं की जखमेतून काळपट रस सोडते. बागेत त्याच रसानं जखम राखली जाते. पण बरणीत रसाला वाट कुठली? तो पोषणाच्या जेलीत साचतो, उजेडात आणखी काळा पडतो आणि ज्याला राखायचं त्यालाच मारतो. देवाची करणी, दुसरं काय! म्हणून शेंडे वाहत्या पाण्यात धुवायचे, अंधारात ठेवायचे आणि जेलीत रस दिसू लागला की ताज्या बरणीत हलवायचे. तिथं हयगय चालत नाही.

घरी बाबांचं जेवणावरून मन उडालं होतं.

"एकदा दाखव गं. माझ्याच झाडाला भेटायला तुझी परवानगी काढू?"

"त्यांना उजेड सोसत नाही, बाबा."

"मला तरी कुठं सोसतोय? डोळ्यांत मोतीबिंदू. आम्ही दोघं घेऊ जुळवून."

ती हसली आणि तिथंच विरघळली. "उद्या दुपारी या. बरण्या बदलायच्या आधी दाखवते."

दुसऱ्या दिवशी मॅडम बैठकीला गेल्या होत्या. तिनं बरण्या काढून टेबलावर ओळीनं मांडल्या आणि वाट बघत बसली. बसली कसली, खिडकीशी जाऊन आली, दाराशी जाऊन आली. बाबांची बस वाटेत बंद पडली होती, हे तिला काय ठाऊक! ऊन सरकत टेबलावर चढलं. पाण्यात चहा उतरावा तसा जेलीत रस उतरत होता. ते तिला दिसत होतं. पण आता येतीलच, एवढं बघू देत, मग बदलते, असं करत ती थांबली. थांबू नये तिथं नेमकी थांबली.

शेवटी राहवेना. बरण्या काचेच्या निर्जंतुक पेटीत नेऊन, आत हात घालून तिनं पातं चालवलं. एकेका शेंड्याचं काळं कापत गेली, तर आतही काळंच. एका शेंड्यात तेवढं हिरवं लागलं.

बाबा धापा टाकत आले, इस्त्रीचा सदरा घालून. "रांगच लावलीस की," म्हणता म्हणता त्यांनी लेकीचा चेहरा पाहिला.

"तुमच्यासाठी थांबले, बाबा, आणि..."

ते काळ्या बरण्यांवरून नजर फिरवत राहिले. "सगळे गेले?"

"एक आहे. आत्ताच नव्या बरणीत घातलाय. हा बघा." तिनं बरणीवर झाकलेल्या कापडाला हात लावला.

"झाक ते."

"अहो, क्षणभर..."

"झाक म्हणतो ना. माझ्या बघण्यानं काय त्याला पालवी फुटणार आहे? मी बाहेर बसतो. तू तुझं काम कर."

आणि ते बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशीही आले. मग रोजच यायला लागले. विचारायचे एवढंच, "बरणी बदललीस?"

"बदलली."

"मग चहा पाज."

आत डोकावले नाहीत की दाखव म्हणाले नाहीत. तिचा जीव कपाटाशी घुटमळायचा. बाहेरून बाबांचा खोकला ऐकू आला की ती मागं फिरायची.

शेंडा उजेडात काढण्याजोगा झाला, त्याला कोवळी पानं फुटली, तोवर बाबा गेले होते. ती बरणी घेऊन दाराकडे निघाली.

"बाहेर कुठं नेतेस?" मॅडमनी विचारलं. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे. म्हणाल्या, "बरं, सावलीतच बस."

बाकावर बाबांची जागा सोडून ती कडेला बसली.

तुम्ही कधी अक्रोड फोडलात, तर त्या माळ्याची आठवण काढा. बघायला म्हणून आला आणि न बघताच बाहेर बसून राहिला तो.