न झाडलेली चक्की

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या त्या गाळ्यात एक नियम होता. थालीपिठाची भाजणी दळून झाली की चक्की उघडून झाडायची आणि मगच उपवासाची भाजणी घालायची. राजगिऱ्यात गव्हाचा कणही जाता कामा नये. मालकीणबाईंनी, म्हणजे सुहासिनीताईंनी, सगळ्यांसमोर श्रुतिकाला चक्कीवर नेमलं, त्याला महिनाही झाला नव्हता.

आणि काल श्रुतिका बाईसाहेब चक्की झाडायलाच विसरल्या. आठवलं तेव्हा पाकिटं टेम्पोत चढून दुकानांकडे निघालीही होती. पॅकिंगवरच्या प्रेमाला तिने हळूच सांगितलं.

"मग सांग ना ताईंना. फोन करून माल परत मागवतील."

"वेडी आहेस का? चक्की काढून घेतील माझ्याकडून. फार तर कुणाचा उपास मोडेल. देव काय भांडायला येणारे?"

प्रेमाने खांदे उडवले. श्रुतिका घरी जाऊन पोटभर जेवली, हेही सांगायला हवं.

आज दुपारी ताईंचा फोन वाजला. हात पिठाचे होते म्हणून त्यांनी स्पीकर लावला. बोरिवलीची तेजल, त्यांचं जुनं गिऱ्हाईक. आवाज ओळखू येत नव्हता.

"ताई, हॉस्पिटलमधून बोलतेय. लेकीचा घसा सुजलाय, श्वास घेता येत नाहीये. तिला गहू चालत नाही, माहितीये ना तुम्हाला. डॉक्टर विचारतायत काय खाल्लं. तुमच्याच उपवासाच्या भाजणीचं थालीपीठ दिलं होतं, नवीन पाकीट फोडून. त्यात काही नसणार ना?"

"छे गं," ताई ठामपणे म्हणाल्या. "झाडल्याशिवाय चक्की चालतच नाही आमची. दुसरं काहीतरी असेल, नीट आठव."

गहू सोसत नाही म्हणून कुणी उपवासाची भाजणी खात असेल, हे श्रुतिकाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. प्रेमा तिच्याकडेच बघत होती. ती फोनपाशी गेली.

"त्यात गहू गेलाय," ती म्हणाली. "मी चक्की झाडली नव्हती. डॉक्टरांना सांगा, गहू."

पलीकडे तेजल कुणाला तरी ओरडून सांगत होती, पावलांची धावपळ ऐकू येत होती. मग ती पुन्हा फोनवर आली.

"इंजेक्शन देतायत," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "तुम्हाला कधी कळलं हे?"

श्रुतिकाला थाप मारता आली असती. पण तोंडातून थाप निघेना.

"काल," ती म्हणाली.