डालग्यातला पिवळा बल्ब

मित्रांनो, घाबरू नका, मी पाहणीला आलेलो नाही. मी एक जुना, शंभर वॅटचा पिवळा बल्ब आहे. ताम्हिणीत गोजराबाईंच्या पडवीत, कोंबड्यांच्या डालग्यात मी टांगलेला असतो. हल्ली दारात खोकं घेऊन कोणी अनोळखी माणूस आला, की माझ्या तारेत धस्स होतं. का, ते सांगतो.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण तिथलं फारसं आठवत नाही. पौडच्या बाजारातून गोजराबाईंनी मला ओच्यात जपून आणलं आणि ढाब्याच्या दर्शनी भागी लावलं. घराला लागूनच असलेला हा ढाबा त्यांची सून सायली चालवते. कोकणातून घाट चढून येणारे ड्रायव्हर धुक्यात आधी मला बघायचे, मग ब्रेक मारायचे. "हा दिवा दिसला की चहा आला," असं म्हणायचे, आणि मी फुगून जायचो. आमच्या जातीला आयुष्य तसं थोडकंच. मी इतका टिकलो, कारण ताम्हिणीत वीज असते कमी आणि जाते जास्त.

पुढे ढाब्यावर पांढरी ट्यूब आली आणि माझी रवानगी पडवीत झाली. अपमान वाटला, खोटं कशाला बोलू? पण यंदा भातलावणीच्या दिवसांत गोजराबाईंची तांबडी कोंबडी मुंगसाने नेली. मागे उरली तिची इवलीशी पिलं. या कोंबडीची पणजी गोजराबाईंच्या भावाने घाटाखालून, माहेरच्या अंगणातून आणून दिली होती. भाऊ आता नाही, माहेरचं घरही बंद आहे. तिकडचं असं काही उरलं असेल, तर ही पिलंच. गोजराबाईंनी माझी वायर खाली ओढून मला पिलांच्या डोक्यावर आणलं. "आता तूच ह्येंची आय," म्हणाल्या. वीज गेली की त्या शेजारी निखाऱ्यांचं घमेलं ठेवत, वीज आली की मी होतोच. पिलं माझ्याखाली गोल करून झोपायची. इतका मान मला ढाब्यावरही मिळाला नव्हता.

त्याच सुमारास वीज कंपनीची मोहीम गावात आली. जुना बल्ब द्या, नवा फुकट न्या, वीज वाचवा. शेजाऱ्यांपेक्षा कमी वीज वापरणाऱ्याच्या दारावर हसरं तोंड चिकटवायचं आणि जास्त वापरणाऱ्याच्या दारावर रडकं. गोजराबाईंना यात पहिल्यापासून पाणी मुरताना दिसत होतं.

"दूधवाला कदी म्हनतो का, दूध कमी प्या? मंग ह्ये इजवाले का म्हनत्यात, इज कमी वापरा? कायतरी डाव हाय ह्येंचा."

"आत्या, तुमाला समद्यातच डाव दिसतोय," सायली सासूला म्हणायची.

मलाही डावच दिसत होता. शेजारच्या नथूच्या दारावर हसरं तोंड झळकलं, आणि नथूची मोटर तर थेट खांबावर आकडा टाकून चालते! त्याचा मीटर बिचारा झोपलेलाच असतो. सायलीच्या दारावर मात्र रडकं तोंड. गिऱ्हाइकं ते बघून हसायची. वाडीतली माणसं एकमेकांच्या खिडक्यांत डोकावून कोणाचा पंखा फिरतोय ते बघू लागली. सायलीने आधी फ्रिजवर संशय घेतला, मग मिक्सरवर. शेवटी तिची नजर माझ्यावर आली.

"दिवसाढवळ्या ह्यो एकलाच जळतोय!"

सायली भूगावात, फ्लॅटमध्ये वाढलेली. मुंगूस पुन्हा येऊ नये म्हणून सासूने दिवा लावलाय, अशी तिची समजूत. एका दुपारी, गोजराबाई लावणीला खाचरात गेलेल्या असताना, मोहिमेची ज्ञानदा आली. लातूरकडची, नोकरीला इकडे आलेली, बोलायला गोड. मला तर गोड बोलणाऱ्यांचाच जास्त संशय येतो.

तिने फडक्याने धरून मला काढलं. "बाप रे, केवढा तापलाय! बघा ताई, निम्म्याहून जास्त वीज ही अशी वाया जाते. हा नवा लावते, उजेड याच्यापेक्षा जास्त."

माझ्या जागी पांढराशुभ्र बल्ब लागला. खरंच लख्ख होता. मी पडवीत ठेवलेल्या तिच्या खोक्यात इतर जुन्या बल्बांबरोबर जाऊन पडलो. ज्ञानदा ढाब्यात चहाला बसली आणि बाहेर पावसाने झोड उठवली. पिलं आधी खूप ओरडली. सायली म्हणाली, "नव्या दिव्याला भ्याली असतील." मग ती एकमेकांच्या अंगावर चढू लागली. मग आवाज बारीक होत गेला. मित्रांनो, मी गार पडलेला, खोक्यात. हाक तरी कशी मारणार?

गोजराबाई भिजून आल्या आणि पडवीतच थबकल्या. त्यांनी डालग्यात हात घातला.

"उजेड हाय, पर ऊब कुटं हाय? माजा दिवा कुनी काडला?"

सायलीचा चेहरा उतरला. "आत्या, मला वाटलं मुंगसासाठी..."

"तुला त्या हसऱ्या तोंडाची हाव सुटली व्हती!"

ज्ञानदा धावत आली. तिने नव्या बल्बखाली तळहात धरला, तसाच धरून ठेवला. मग तिने खोकं उपसून मला शोधून काढलं आणि स्वतःच्या हाताने परत लावलं. मी जीव तोडून तापलो. सायली पिलांना ओंजळीत घेऊन एकेकाला माझ्याजवळ धरत होती आणि रडत होती. ढिगाच्या तळाची दोन पिलं हललीच नाहीत. बाकीची हळूहळू चिवचिवू लागली. गोजराबाईंनी ती दोन घरामागच्या परड्यात पुरली. त्या दिवशी त्या सुनेशी बोलल्या नाहीत.

पुढच्या महिन्यात ज्ञानदा परत आली. घरात सगळीकडे नवे बल्ब होते, ढाब्यावरची ट्यूब दिवसा बंद असायची. तरी माझ्यामुळे मीटर पळालेलाच. या महिन्याचंही रडकं तोंड हातात घेऊन ज्ञानदा दाराशी घुटमळत राहिली. सायलीने ते तिच्या हातातून घेतलं आणि स्वतःच दारावर चिकटवलं.

"आसू द्या. आत पिलं हायेत."

गोजराबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी सुनेकडे बघितलं आणि चहाची पहिली कपबशी तिच्यापुढे सरकवली.

मित्रांनो, माझी तार आता बारीक झाली आहे आणि माझ्या जातीचा बल्ब दुकानात सहज मिळत नाही. तुम्ही वीज जरूर वाचवा. रिकाम्या खोलीत जळणारा दिवा बंद करा, तिथे मी असलो तर मलाही करा. पण एखादा जुना दिवा काढण्याआधी त्याच्याखाली एकदा हात धरून बघा. तिथे कोणीतरी झोपलेलं असेल.